मदत हवी आहे : स्पॅनिश क्रियापदांचा भूतकाळ

पिंपळपान
दोर्मीर म्हणजे झोपणे. वर्तमानातलं 'द्वेर्मो' पाठ आहे. पण भूतकाळात कधी 'दोर्मी', कधी 'दुर्म्यो'. पेन्सारचं मात्र सरळ 'पेन्सो'. तिथे मी 'प्येन्सो' लिहिलं तर काट मारली. नियम काय आहे? परीक्षा तोंडावर आली आहे, लवकर सांगा.

सह्यकडा
कुठला भूतकाळ? 'झोपलो' की 'झोपायचो'? दोन्ही वेगळे चालतात. आणि परीक्षा कोणती, पातळी कोणती?

रानजाई
नियमांच्या मागे लागू नका. मी रोज एक क्रियापद घ्यायचे, सगळी रूपं मोठ्याने म्हणायचे. आपोआप तोंडात बसतात.

सह्यकडा
पाठ केलेलं बसेल हो, पण पेपरात नवीन क्रियापद आलं की काय करायचं?

पिंपळपान
डेले, ए-टू. 'झोपलो'वालाच.

सह्यकडा
मग क्रियापदाचा शेवट बघा. वर्तमानात स्वर बदलणारी आर आणि एरवाली या भूतकाळात स्वर बदलत नाहीत, म्हणून 'पेन्सो'. ईरवाली बदलतात, पण फक्त 'तो' आणि 'ते'ला : दुर्म्यो, दुर्म्येरोन. बाकी दोर्मी, दोर्मीस्ते, दोर्मीमोस. उस्तेद, म्हणजे आदराचं 'तुम्ही', 'तो'चंच रूप घेतं. तिथे हमखास गुण जातात.
वर्तमानात सगळा खेळ आघाताचा. 'द्वेर्मो'त जोर धातूवर, म्हणून ओचा उए. 'दोर्मीमोस'मध्ये जोर पुढे सरकतो, ओ तसाच राहतो.
'झोपायचो' सोपा आहे : दोर्मीया, स्वर हलतच नाही. त्या काळात अनियमित तीनच, सेर, ईर आणि बेर.

मेक्सिकोतून
बोसोत्रोसची, म्हणजे जवळच्या अनेकांना म्हणायच्या 'तुम्ही'ची, रूपं पाठ करण्यात वेळ घालवू नका. इथे घरीदारी सगळीकडे उस्तेदेसच, म्हणजे उस्तेदचं अनेकवचन.

रानजाई
स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात आहे ते! वाचताना-ऐकताना ओळखता यायलाच हवं.

मेक्सिकोतून
ओळखा की. लिहिताना उस्तेदेस वापरलं तर चूक नाही, एवढंच म्हणतेय.

मांडवीकाठ
आम्ही गोव्यात पोर्तुगीज शिकलो. तिथे 'तो झोपला' लिहिताना ओ बदलत नाही. आधी पोर्तुगीज करा, स्पॅनिश सोपं जाईल.

पिंपळपान
आत्ता पोर्तुगीज कुठे काढू! सह्यकडा, मग पेदीरचं 'पिद्यो' आणि मोरीरचं 'मुर्यो', बरोबर?

सह्यकडा
दोन्ही बरोबर. एचा इ, ओचा उ. आता तेनेर, एस्तार, आसेर वेगळे काढून करा : तुबे, एस्तुबे, इसे. त्यांना हा नियम लागत नाही, आणि 'दोर्मी'सारखा जोर शेवटावर देऊ नका.