अचलपूर पाहायला कुत्रं सोबत न्यावं का?

संत्रेवाला_मोर्शी

जानेवारीतल्या एका रविवारी मी, बायको आणि आमची भुरी असे तिघं अचलपूर फिरून आलो. भुरी गावठी, तीन वर्षांची, शेतावर वाढलेली. आधी या गावात चारदा तरी गेलो असेन, पण ते कामापुरतं: परतवाड्यात माल, नाहीतर कोणाचं लग्न. इमादशाहीची राजधानी इथे होती, १४९० ते १५७४, हे शाळेत पाठ केलेलं. पण राजधानी म्हणजे नेमकं काय उरलंय, ते कधी थांबून पाहिलं नव्हतं.

या वेळी थांबावं लागलं, कारण भुरी थांबत होती. गावाच्या जुन्या तटातल्या दुल्हा दरवाजाशी आपण काय करतो? वर पाहतो, फोटो काढतो, निघतो. हिचं सगळं लक्ष खाली. प्रत्येक दगडाचा कोपरा हुंगायचा, मग पुढे. तिच्या मागे उभं राहून मलाही पहिल्यांदा भिंतीचा पाया दिसला. खाली एका मापाचे घडीव दगड, वर कुठे विटा, कुठे अलीकडचं सिमेंट, आणि एका ठिकाणी तटालाच पाठ लावून कोणाची तरी न्हाणी. एक आजोबा आधी कुत्रीशी बोलले, मग माझ्याशी. तट कुठून कुठे जात होता ते त्यांनी काठीने जमिनीवर काढून दाखवलं. एकटा असतो तर "काय पाहिजे?" यापुढे बोलणं गेलं नसतं. हौज कटोऱ्याला तर आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. कोरड्या तळ्यात उभा तो अष्टकोनी मनोरा, आणि आम्ही त्याच्या सावलीत तासभर बसून शिदोरी सोडली.

पण एका गल्लीत एक बाई दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, ते घेऊन इकडून नका जाऊ." आवाजात राग नव्हता. तेव्हापासून ते डोक्यात आहे. माझं मत अजून तरी असं की जुनं गाव कुत्र्याच्या चालीनेच पाहावं. तुम्हाला काय वाटतं?

नकाशे

फोटो छान असतील, पण नियम ऐका. केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी १९५९ चे नियम आहेत. त्यातल्या नियम ८ प्रमाणे देखभालीचं काम सोडून दुसऱ्या कारणाने स्मारकात कुठलंही जनावर आणता येत नाही. पट्टा बांधलेला असो नसो. चौकीदार काही बोलला नाही याचा अर्थ परवानगी होती असा होत नाही.

आणि हा धागा वाचून उद्या कोणी कुत्रं घेऊन गाविलगडावर निघू नये. तो किल्ला मेळघाटच्या वाघांच्या जंगलात आहे.

करजगावचा_भाऊ

काय बाप्पा, कुत्र्याचा धागा निंघाला! आमच्याइकडं कुत्रं मानसाच्या मांगंच चालते, त्याले कोनी घेऊन जात नाई. वावरात जा, येते. बहिरमले जा, येते. बहिरमबाबा म्हंजे भैरव, अन् भैरवाचं वाहनच कुत्रं. मंग त्याले देवळाच्या दारात कोन अडवन?

संत्रेवाले भाऊ, एक गोष्ट मातर पटली नाई. कुत्रं होतं म्हून गाव दिसलं म्हन्ता. त आमच्या आळीतल्या कुत्र्यांले अचलपूरचा अख्खा इतिहास पाठ असन!

बिलनपुऱ्याची_लेक

मी इथलीच, बिलनपुऱ्यातली. दारातली ती बाई मी नव्हते, पण असू शकले असते.

तुम्ही ज्याला तट म्हणता ती आमच्या घराची मागची भिंत आहे. ती न्हाणी कोणाची ते मला बहुतेक माहीत आहे. गल्ली तीन हात रुंद. सकाळी त्यातून नमाजला जाणारे जातात. वुजू करून, म्हणजे नमाजासाठी हातपाय धुऊन, निघालेल्या माणसाच्या कपड्याला कुत्र्याची लाळ लागली तर त्याला घरी परतून कपडे बदलावे लागतात. तुमची भुरी चावत नसेल, मान्य. प्रश्न चावण्याचा नाहीच.

दुसरं, गल्लीतल्या कुत्र्यांचं. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. बाहेरचं कुत्रं पट्ट्याला धरून हद्दीतून फिरवलं की तुम्ही दोन तासांनी मोर्शीला आणि आम्ही रात्रभर भुंकणं ऐकत. माझी धाकटी पाच वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी तिला कुत्रं चावलं. पाच सुया घेतल्या तिने. आता कुत्रं दिसलं की माझ्या ओढणीत शिरते.

२०११ च्या जनगणनेत या गावात १ लाख १२ हजार माणसं होती. हे वस्तुसंग्रहालय नाही. लोक राहतात इथे.

संत्रेवाला_मोर्शी

ताई, हद्दीचं तुमचं म्हणणं मान्य. चार कुत्री अंगावर आली तेव्हा भुरीला उचलूनच घ्यावं लागलं. ते मी वर लिहिलं नाही, कारण तेवढा भाग शोभेचा नव्हता. नकाशे, नियमही वाचला. यापुढे तिला बाहेरच बांधीन, एक जण तिच्याजवळ थांबेल.

पण लोक राहतात म्हणूनच तर मी म्हणतो! पाहुणा गाडी दारापर्यंत आणतो, काच खाली न करता फोटो काढतो, हॉर्न वाजवत जातो, त्याला कोणी "इकडून नका जाऊ" म्हणत नाही. मी पायी चाललो, प्रत्येकाशी बोललो. त्रास कोणाचा जास्त?

बिलनपुऱ्याची_लेक

गाडीवालाही नको आहे. तो वाईट म्हणून तुम्ही चांगले, हा कुठला हिशेब?

गुरांचा_डॉक्टर

वाद चालू द्या, मी कामाचं सांगतो. जानेवारी होता म्हणून जमलं. एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात हे करू नका. पारा ४५ च्या वर जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून पाहा. पाच सेकंद टिकत नसेल तर तिचे तळवेही भाजतात.

रेबीजची लस दरवर्षी, आणि तिच्यासोबत डिस्टेंपरचीही. ही दुसरी लोक टाळतात. डिस्टेंपर कुत्र्यांपासून मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्यांना होतो. २०१८ मध्ये गीरचे सिंह दगावले त्यात हाच विषाणू सापडला होता. चिखलदऱ्याच्या वाटेवर कुत्रं मोकळं सोडू नये याचं हे एक कारण. दुसरं कारण बिबट्या. त्याला कुत्रं फार आवडतं, फक्त आपल्याला आवडतं तसं नाही.

आणि लेकीच्या आईला: सुया पूर्ण केल्या हे उत्तम झालं. पुढे कोणालाही चावलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही.

करजगावचा_भाऊ

ताई, तुमी काई म्हना. गाडगेबाबा आपल्याच मातीतले, शेंडगावचे. बाबानं काय सांगतलं? भुकेल्याले अन्न, तहानेल्याले पानी, अन् मुक्या प्रान्यांले अभय. कुत्रं मुकं नाई काय?

बिलनपुऱ्याची_लेक

भाऊ, बाबा मलाही शाळेत शिकवले आहेत. बाबांच्या हातात काय असायचं? खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, मग कीर्तन. म्हणून एकच विचारते. त्या दिवशी भुरीने जिथे जिथे केलं, ते कोणी उचललं?

संत्रेवाला_मोर्शी

गावात दोनदा, दोन्ही वेळा कागदात उचललं. हौज कटोऱ्याच्या गवतात तिसऱ्यांदा केलं, ते राहिलं. कोणी पाहत नव्हतं, खरं कारण तेवढंच.

नकाशे

शेवटी तुम्हीच कबूल केलं. नियम ८ उगाच नाही लिहिला कोणी.

करजगावचा_भाऊ

अन् तिथं बकऱ्या दिवसभर चरते, लेंड्या टाकते, त्याईले नियम आठ कोन वाचून दाखवते जी?

बिलनपुऱ्याची_लेक

बकऱ्यांचंही मी समर्थन करत नाही. पण त्या कुठून तरी येऊन "जुनं गाव कसं पाहावं" हे आम्हाला शिकवत नाहीत.

संत्रेवाले, खरं बोललात म्हणून सांगते. भुरीला शकुंतला रेल्वेच्या स्टेशनाकडे न्या. नॅरोगेज बंद पडलेली, रुळांवर गवत, मोकळी जागा, तिथे माझं काही म्हणणं नाही. पिशवी मात्र न्या. आणि गल्ल्या पाहायच्या असतील तर दोघंच या. माझ्या नानीला तटातल्या खिडक्यांची, म्हणजे लहान दरवाजांची, नावं अजून येतात. जे तुम्ही दगडात पाहिलंत ते ती तोंडी सांगेल, आणि चहाही देईल.

संत्रेवाला_मोर्शी

नक्की येतो ताई. अडचण एवढीच की भुरी घरी एकटी राहत नाही. मागच्या वेळी ठेवली तर दाराची खालची फळी कुरतडून काढली. एक जण स्टेशनावर तिला घेऊन बसेल, एक जण नानीकडे. कोण कुठे, यावर घरात भांडण होणार.

करजगावचा_भाऊ

भांडू नका. पुढच्या डिसेंबरात भुरीले घेऊन बहिरमच्या जत्रेले या. वीस तारखेपासून महिनाभर चालते. हंडीतलं मटन तुमाले, हाडकं तिले.

गुरांचा_डॉक्टर

शिजलेली हाडं देऊ नका. घशात अडकतात.