‘क्विड प्रो क्वो’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : निवडणूक रोख्यांवरच्या (राजकीय पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायची योजना) सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल (फेब्रुवारी २०२४) लिहिते आहे. त्यात देणगीदार आणि पक्ष यांच्यातलं ‘क्विड प्रो क्वो’ येतं. ‘देवाणघेवाण’ फारच सोज्वळ वाटतं, वाढदिवसाच्या भेटवस्तूंसारखं. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : शब्द लॅटिन आहे. क्विड म्हणजे काहीतरी, प्रो म्हणजे बदली. काहीतरीच्या बदली काहीतरी. गंमत अशी की सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तो औषधविक्रेत्यांच्या दुकानातून. सांगितलेलं औषध नसलं की त्याजागी दुसरं द्यायचं, मुद्दाम म्हणा किंवा चुकून, त्याला हे नाव होतं. म्हणजे मूळ अर्थ अदलाबदल. ‘तू मला दे, मी तुला देतो’ हा नंतरचा. फ्रेंचमध्ये ‘किप्रोको’ आजही गैरसमज, एकाला दुसराच समजणं, या अर्थी चालतो. प्रहसनं त्यावरच उभी असतात.

आणखी एक : आपल्याकडे तर औषधांच्या अशा अदलाबदलीची रीतसर यादीच आहे! भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात मेदा-महामेदा या वनस्पती न मिळाल्यास शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा. त्याला ‘प्रतिनिधी द्रव्य’ म्हणतात. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

उत्तर : विषयांतर छान आहे. आता मूळ प्रश्न. कायद्याच्या लिखाणात ‘प्रतिफल’ किंवा ‘मोबदला’ दिसेल, पण त्यांना तुमच्या जागी बसवू नका. १८७२च्या करार कायद्यात प्रतिफल (एकाने दिलेल्याच्या बदल्यात दुसऱ्याने द्यायचं ते) ही सरळ, कायदेशीर गोष्ट आहे; काही अपवाद सोडले तर त्याच्याविना करारच रद्दबातल. तुम्हाला हवा तो वास ‘साटेलोटे’ला आहे. मुळात ही लग्नाची रीत : तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी. आता मात्र ‘पुढाऱ्याचं आणि ठेकेदाराचं साटेलोटे’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

तिसरे : आमच्याकडे शेतात ‘पैरा’ असतो. आज तुम्ही आमच्या रानात राबा, उद्या आम्ही तुमच्या. पैरा फेडला नाही तर पुढच्या वेळी कुणी येत नाही. तोही काहीतरीच्या बदली काहीतरीच, पण सगळ्यांदेखत.

प्रश्नकर्ती : पैरा माहीत नव्हता, टिपून ठेवते. लेखात ‘साटेलोटे’च घालते.

उत्तर : एवढंच बघा, न्यायालयाने तशी ‘शक्यता’ म्हटली आहे. मथळ्यात ‘साटेलोटे उघड’ लिहिलंत तर निकालात नसलेलं तुम्ही पदरचं घातलंत असं होईल. ‘साटेलोट्याची शक्यता’ लिहा, जरा लांब झालं तरी.