सिरॅमिक कोटिंगला ३२ हजार घालावेत का? खरा अनुभव सांगा

कोथरूडकर_८१
मंडळी, दिवाळीत नवी गाडी घेतोय, काळा रंग ठरलाय (बायको आणि मुलगी दोघींचं एकमत, माझं काही चाललं नाही). शोरूमवाला सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा पातळ संरक्षक थर) करून घ्या म्हणून रोज फोन करतोय, ३२ हजार, ५ वर्षं वॉरंटी, "९एच हार्डनेस आहे सर, स्क्रॅच पडणारच नाही, नुसतं पाणी मारलं की गाडी स्वच्छ". आता आधीच्या गाडीला २०१९ मध्ये असंच शोरूममध्ये टेफ्लॉन कोटिंग करून घेतलं होतं साडेपाच हजाराला, दोन-अडीच महिन्यात पाणी घसरायचं बंद झालं आणि वर्षभरात पेट्रोलपंपाच्या लाइटखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसायला लागले, त्यामुळे विश्वासच बसत नाहीये. गाडी सोसायटीत उघड्यावर कडुलिंबाखाली उभी असते, वर कावळे. ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिलेत त्यांनी सांगा.

पॉलिशवाला_नाशिक
दादा मी ७ वर्षं डिटेलिंगचंच, म्हणजे गाड्या साफ-पॉलिश करायचंच काम करतोय, कोटिंग विकतो पण, तरी खरं ते सांगतो. ९एच म्हणजे पेन्सिलीचं माप आहे. आपली चित्रकलेची शिसपेन्सिल असते ना एचबी, २एच, ४एच, तीच ९एचपर्यंत जाते, ती ४५ अंशात धरून पृष्ठभागावर ओढतात आणि चरा उठला नाही तर म्हणायचं ९एच. बाईकवाल्याच्या हँडलशी, किल्लीशी किंवा फडक्यात अडकलेल्या वाळूच्या कणाशी त्याचा संबंध नाही, वाळू शिशापेक्षा कितीतरी कडक असते. आणि जाडी बघा, कोटिंगचा थर साधारण एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कंपनीचा क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एवढ्या पातळ थराने ओरखडा कसा अडणार?

टेफ्लॉनचं म्हणाल तर तवा बनवताना ते साडेतीनशे डिग्रीच्या वर भाजतात तेव्हा कुठे चिकटून बसतं, गाडीचा रंग तेवढा तापवता येत नाही, म्हणजे तुम्हाला जे लावलं ते चांगल्यापैकी मेणच होतं, तेवढंच टिकणार.

दुसरी गोष्ट, कोटिंग झाल्यावर गाडी आरशासारखी दिसते ती बऱ्याच अंशी कोटिंगच्या आधी मशीनने जे रबिंग-पॉलिश करतात त्यामुळे. त्यात क्लिअर कोटचाच थोडा थर घासला जातो, म्हणून नव्या गाडीला उगाच तीन-तीन स्टेप पॉलिश करू देऊ नका.

विदर्भकन्या
मी नागपुरात राहते, पांढरी गाडी, ३ वर्षांपूर्वी बाहेरून कोटिंग केलं २० हजारात आणि मी खूश आहे, हे पण कोणीतरी सांगायला हवं. आधी पक्ष्याची घाण मे महिन्याच्या उन्हात दोन तास राहिली तरी रंगावर खड्डा पडल्यासारखा डाग राहायचा, आता संध्याकाळी ओल्या कपड्याने पुसली तरी निघते. दोन दिवस राहिली तर मात्र डाग पडतोच, एकदा पडलाय. धुवायला पाऊण तास लागायचा तो वीस मिनिटांवर आला. पण गाडी धुवावी लागत नाही हे साफ खोटं आहे, धूळ बसायची तेवढी बसतेच.

सांगलीचा_पाटील
माझा अनुभव वाईट आहे. आमच्याकडं बोअरचं पाणी, क्षार भरपूर. कोटिंग केल्यावर पाणी पसरत नाही, टपोरे थेंब होऊन बसतं, दिसायला लई भारी, पण आमचा पोरगा गाडी धुवून तशीच उन्हात सोडायचा आणि प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी रिंग उठली, टपावर तर कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं. शॅम्पूने जाईनात, नखाने खरवडून बघितलं तरी नाही. वॉरंटीचा कागद काढला तर बारीक अक्षरात पाण्याचे डाग, पक्ष्यांची घाण, ओरखडे सगळं वगळलेलं, वर दरवर्षी त्यांच्याकडेच पैसे देऊन मेंटेनन्स केला नाही तर वॉरंटी रद्द. मग वॉरंटी नक्की कशाची? शेवटी परत पॉलिश मारून ते कोटिंगच उतरवलं. बोअरचं पाणी असंल तर धुतल्या धुतल्या पुसून कोरडी करायची तयारी ठेवा नाहीतर करू नका.

घाटमाथा
माझा रोज हायवे आहे, ट्रकच्या मागे खडी उडते. त्याला कोटिंगचा काडीचा उपयोग नाही, पीपीएफच (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लागतं, ती खरोखरची जाड फिल्म असते, दीड-दोनशे मायक्रॉनची. सगळ्या गाडीला लाखाच्या घरात जातं, मी फक्त बंपर आणि बॉनेटला केलं. आणि कोकणातले कोणी वाचत असतील तर, कोटिंगने गंज थांबत नाही, गंज खालून आणि दरवाजाच्या कडेतून धरतो.

कोथरूडकर_८१
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे ओरखड्यासाठी करायचं असेल तर नाहीच. पण मग ते जाळ्यासारखे चरे थांबवायला करायचं काय? काळ्या गाडीत तेच जास्त खुपतं हो.

पॉलिशवाला_नाशिक
ते चरे फडक्याने पडतात दादा. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे असतात, एकच बादली, एकच फडकं, दहा गाड्या, आणि आधी पाणी न मारता कोरडी धूळ पुसायची. त्यांचीही चूक नाही, तेवढ्या पैशात आणि वेळेत तेच होणार. तुम्ही त्यांना सांगा की माझ्या गाडीला फक्त काचा पुसा, बाकी हात लावू नका. रविवारी आधी नुसतं पाणी मारून माती पाडायची, मग शॅम्पूची एक बादली आणि हात खंगाळायला दुसरी, मायक्रोफायबरचा मिट (धुवायचा हातमोजा), टपापासून खाली यायचं, चाकाचं कापड वेगळं. हे सगळं दोन हजारात येतं. एवढं करून वर्षभर बघा, मग वाटलं तर बाहेरून १५-२० हजारात कोटिंग करा, कावळ्यांसाठी उपयोग होईल. आणि शोरूमला आत्ताच लिहून द्या की डिलिव्हरीच्या आधी गाडी धुऊ-पुसू नका, प्लॅस्टिकसकट द्या. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी नव्या काळ्या गाड्यांना पहिले चरे तिथेच पडलेले असतात.