मदत हवी आहे: अर्टिगा व्हीएक्सआय सीएनजी की झेडएक्सआय पेट्रोल? शनिवारच्या आत सांगा

मुक्काम_पोस्ट
नमस्कार मंडळी. मारुतीची अर्टिगा घ्यायची हे नक्की आहे, तेव्हा 'दुसरी एखादी बघा' हे कृपया नको. अडलंय ते व्हेरियंटपाशी. कोटेशन हातात आहे: व्हीएक्सआय सीएनजी एक्स-शोरूम 10.76 लाख, झेडएक्सआय पेट्रोल 10.91 लाख. म्हणजे फरक पंधरा हजारांचा. शोरूमवाला म्हणतो शनिवारपर्यंत बुकिंग केलं तर ऑफर, पुढचं सांगता येत नाही. दिवसातून दोनदा फोन येतोय. ही की ती, एवढंच सांगा.

हिशेबी
गाव कुठलं, महिन्याचं रनिंग किती, घरात माणसं किती, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मग आम्ही काय नाणं उडवायचं?

मुक्काम_पोस्ट
पुणे, सिंहगड रोड. महिन्याला 800 किमी धरा. माणसं सहा. आता सांगा.

गॅसवर_खूश
डोळे झाकून सीएनजी. मी चार वर्षं सीएनजीवर चालवतोय, पेट्रोलच्या पंपावर फक्त हवा भरायला जातो. रांगेचा बाऊ करू नका, रात्री दहानंतर जायचं, गाणी लावायची, दहा मिनिटांत काम होतं. कंपनीचंच किट आहे, वॉरंटी आहे, आणखी काय हवं?

इंजिन_ऑइल
आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कोण करणार, तुमचे शेजारी? तो विषय सीएनजीवाले कधीच काढत नाहीत.

गॅसवर_खूश
करतो की आम्हीच. एका दिवसाचं काम. तेवढ्यासाठी रोज पेट्रोल जाळायचं का?

हिशेबी
मांडणीच चुकते आहे. दोन वेगळ्या दर्जाच्या गाड्या नुसत्या किमती जवळ आल्या म्हणून शेजारी ठेवल्या आहेत. इंधनाचा प्रश्न आधी सोडवा, दर्जाचा नंतर.

इंधन: व्हीएक्सआय पेट्रोल साधारण 9.85 ला आहे, तिचं कोटेशन तुम्ही घेतलेलंच दिसत नाही. सीएनजीला 91 हजार जास्त. पण महाराष्ट्रात रोड टॅक्स सीएनजीला कमी आहे. दहा ते वीस लाखांत पेट्रोलला 12 टक्के, सीएनजीला 9 (1 जुलै 2025 पासून एक टक्का वाढला, आधी 8 होता). दहाच्या आतल्या पेट्रोलला 11. म्हणजे व्हीएक्सआय पेट्रोलला टॅक्स 1,08,350 आणि व्हीएक्सआय सीएनजीला 96,840. खरा फरक ऐंशी हजारांच्या आसपास उरतो.

पेट्रोल 104 रुपये आणि शहरात 14 चं अ‍ॅव्हरेज धरा, सीएनजी 92 रुपये आणि किलोला 20 किमी. किलोमीटरला पावणेतीन रुपयांच्या थोडं वर वाचतात. ऐंशी हजार वसूल व्हायला 28 हजार किमी. तुमच्या रनिंगला तीन वर्षं. कंपनीचा किलोला 26.11 किमीचा आकडा रस्त्यावर विसरा.

आणि तुम्ही ज्या दोन गाड्या धरून बसलात त्यांच्यातला फरक पंधरा हजारांचा नाहीच. झेडएक्सआय पेट्रोलचा टॅक्स 1,30,920. ऑनरोड पन्नास हजारांच्या घरात जातो.

मुक्काम_पोस्ट
हे शोरूमवाल्याने सांगितलं नव्हतं. कोटेशनवर 'टीसीएस' म्हणून दहा हजार सातशे साठ वेगळे लावलेत, ते काय?

हिशेबी
एक्स-शोरूम दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर. तुमच्या पॅनवर जमा होतो, 26एएस मध्ये (तुमच्या नावे जमा कराच्या उताऱ्यात) दिसतो, रिटर्न भरताना वजा करून घ्या किंवा परत मागा. तो खर्च नाही, पैसे अडकून पडतात इतकंच. दहाच्या आतल्या व्हीएक्सआय पेट्रोलला तो लागतच नाही.

चार_चाकी_चिंतन
मी म्हणतो रुमियन घ्या. टोयोटा ती टोयोटा. गाडी तीच, पण वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किमी.

इंजिन_ऑइल
मारुतीनेही जुलै 2024 पासून 3 वर्षं / 1 लाख केली आहे. जुनं ज्ञान वाटू नका. आणि धागाकर्त्याने पहिल्याच ओळीत दुसरी गाडी नको म्हटलंय.

चार_चाकी_चिंतन
दुसरी कुठे, तीच आहे म्हटलं ना. बिल्ला वेगळा.

पाटणकरीण
सहा माणसं म्हणजे कोण कोण? आणि सामान किती असतं? सीएनजीची टाकी मागे कशी बसते ते शोरूममध्ये डिकी उघडून पाहिलंत का? तिसरी रांग उघडी ठेवली तर पेट्रोललाही मागे 209 लिटरच उरतात, सीएनजीत ती जागा सिलिंडरच खातो. त्याच्यावर दोन हँडबॅगा आणि एखादी पाण्याची बाटली ठेवा, बस्स.

मुक्काम_पोस्ट
आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं (11 आणि 7). गाव दापोली तालुक्यात, सुट्टी मिळाली की जातो. ताम्हिणी घाटातून. मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या, तांदूळ, आईची कोकमं-आगळ, सगळंच असतं. डिकी उघडून नाही पाहिली, डिस्प्लेला पेट्रोलचीच होती.

पाटणकरीण
मग आंब्याच्या पेट्या बाबांच्या मांडीवर.

गॅसवर_खूश
कॅरियर लावा की वर! सगळे लावतात.

घाट_उतार
सहा माणसं, वर कॅरियर, त्यावर पेट्या, ताडपत्री आणि ताम्हिणीचा पाऊस, वा. सीएनजीवर ताकद 103 वरून 88 पीएसवर येते, टॉर्क म्हणजे ओढही घटते. शहरात कळत नाही. पण ताम्हिणीत पुढे एसटी आणि मागे टेम्पो असताना भरल्या गाडीला दुसऱ्या गियरातच राहावं लागतं. चढाला बटण दाबून पेट्रोलवर घ्या, असं आता कोणीतरी सांगेल. बरोबर आहे, पण मग नव्वद हजार कशाला दिले?

गॅसवर_खूश
महिन्यातून एकदा घाट आणि एकोणतीस दिवस सिंहगड रोडचं ट्रॅफिक. कशासाठी गाडी घ्यायची ते ठरवा. रोजच्याला सीएनजीच.

फास्टॅग_भाऊ
टोलचा वार्षिक पास काढा, 2025 मध्ये 3000 रुपयांत 200 ट्रिप होत्या. 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू आहे. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेला चालत नाही हे लक्षात ठेवा, तो राज्याचा रस्ता आहे.

इंजिन_ऑइल
ताम्हिणीतून दापोलीला जाणाऱ्या माणसाला टोलच्या पासचं काय काम? कुणी विचारलं होतं?

फास्टॅग_भाऊ
माहिती म्हणून दिली. उपयोग झाला तर झाला.

पाटणकरीण
मला एक सांगा. गाडी तुम्ही एकटेच चालवणार का? सगळा धागा 'मी'चा चाललाय म्हणून विचारते.

मुक्काम_पोस्ट
तसं मीच. पण बायकोने लायसन्स काढलंय. जुनी वॅगनआर मॅन्युअल आहे, तिला क्लचचा वैताग येतो म्हणून ती घेत नाही. नवीन आली की मुलांना क्लासला वगैरे तीच नेणार म्हणते.

पाटणकरीण
बघा, एवढी मोठी गोष्ट पाचव्या पोस्टीत बाहेर आली. मग ऑटोमॅटिकचं नाव धाग्यात का नाही? अर्टिगात ऑटो व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस तिन्हींत मिळते, आणि सीएनजीबरोबर मिळत नाही. 6 स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्या झटके देणाऱ्या एएमटीतला (मॅन्युअल गियरबॉक्सच आपोआप चालवणारा) प्रकार नाही. तिला नेऊन चालवायला द्या. सीटची उंची किती वर येते तेही तिलाच बसून बघू द्या, तुम्ही बसून उपयोग नाही.

गॅसवर_खूश
म्हणजे सीएनजीचा निकाल लावला म्हणायचा. पेट्रोल ऑटो शहरात किती देते तेही लिहा की ताई.

पाटणकरीण
दहा-अकरा. ट्रॅफिक असेल तर दहा. लिहिलं. आता बाई घराबाहेर गाडी काढेल की नाही, हा फायदा तुमच्या किलोमीटरच्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरता तेही लिहा.

हिशेबी
तो रकाना मी घेतला नव्हता, मान्य. ऑटोचं कोटेशन आहे का?

मुक्काम_पोस्ट
आजच घेतलं. व्हीएक्सआय ऑटो 11.20, झेडएक्सआय ऑटो 12.27. बायकोने चालवली. वडगाव पुलाखाली गर्दीत घातली आणि उतरल्यावर म्हणाली, पाय मोकळा राहतो. बाकी काही बोलली नाही, पण किल्ली परत करायला वेळ लावला. आता प्रश्न बदलला: ऑटोच्या व्हीएक्सआय आणि झेडएक्सआय मध्ये एक लाख सात हजारांत नेमकं काय मिळतं? यादी सगळ्यांकडे आहे, वापरात काय येतं ते सांगा.

घाट_उतार
मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणारा). दापोलीला जाणाऱ्या माणसाला एवढं कारण पुरे. पावसात लाल चिखल मागच्या काचेवर असा थापला जातो की माणगावच्या पुढे आरशात फक्त तपकिरी रंग दिसतो. व्हीएक्सआयला वायपर नाही. बाहेरून बसवतात, पण त्यासाठी डिकीच्या दाराला भोक पाडतात. नव्या गाडीला मी पाडू देणार नाही.

बाकी टचस्क्रीन, अलॉय, ऑटो एसी, बटण स्टार्ट ही हौस आहे, सहज चालून जाते.

रिव्हर्स_गियर
आणि कॅमेरा झेडएक्सआयलाही नाही, तो प्लसला आहे! हा मारुतीचा जुना खेळ आहे, प्रत्येक पायरीवर एक गोष्ट अशी अडवून ठेवायची की माणूस पुढची पायरी चढेल. व्हीएक्सआय घ्या, नाना पेठेत जा, अँड्रॉइड स्क्रीन, कॅमेरा, लेदरची सीट कव्हरं सगळं पस्तीस हजारांत. सत्तर-ऐंशी हजारांची बचत.

इंजिन_ऑइल
स्क्रीन-कॅमेरा ठीक आहे, वायर न कापता कपलरवर बसवणारा माणूस शोधा, नाहीतर वॉरंटीत वाद घालत बसाल. पण सीट कव्हरांचं जरा थांबा. जुलै 2025 पासून सगळ्या अर्टिगांना सहा एअरबॅग आहेत आणि पुढच्या साइड एअरबॅग सीटच्या कडेतून उघडतात. वरून जाड शिवलेलं कव्हर घट्ट चढवलं तर ती पिशवी उघडणार कुठून? त्या बाजूची शिवण सुटणारी कव्हरं मिळतात, ती मागून घ्या. शोरूमच्या अ‍ॅक्सेसरी यादीतही हे विचारा, तिथला पोरगा मान डोलावतो पण त्याला माहीत नसतं.

रिव्हर्स_गियर
अर्टिगाला एक तारा मिळालाय ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये, आणि तुम्ही शिवणीची काळजी करताय.

इंजिन_ऑइल
ती 2024 ची दक्षिण आफ्रिकेच्या बाजारासाठीची, दोन एअरबॅगची गाडी होती. एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलत नाही, हेही खरं. पण आहे ती पिशवी तरी उघडू दे.

चार_चाकी_चिंतन
म्हणूनच म्हणतो, किआची कॅरेन्स.

पाटणकरीण
रुमियनची कॅरेन्स झाली. उद्या बस.

आई-बाबा कुठे बसणार ते ठरलंय का? गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांना मधली रांग आणि मुलं मागे. मधली सीट पुढे सरकवून मुलांनाच मागे चढायला लावून बघा. आणि पार्किंग? सिंहगड रोडच्या नव्या सोसायट्यांत ती वरखाली होणारी मशीन असतात.

मुक्काम_पोस्ट
मशीनच आहे. पाटी वाचून आलो: वजन 2000 किलो, उंची 1550 मिमी. अर्टिगा 1690 आहे ना?

हिशेबी
आहे. 1690 उंच आणि 4435 लांब. वरच्या पॅलेटवर छत मोकळं असेल तर उंचीची मर्यादा कधीकधी फक्त खालच्या जागेला असते. मशीनच्या कंपनीकडून लेखी घ्या, सेक्रेटरीच्या तोंडी 'चालतंय हो' वर जाऊ नका.

मुक्काम_पोस्ट
पाटी खालच्या जागेची निघाली. आमची खालची आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे वरचं पॅलेट आहे आणि त्यांची गाडी बुटकी. ते बदलायला तयार आहेत, सोसायटीचं पत्र मिळतंय. शोरूमला कळवलं की पत्र आल्याशिवाय बुकिंग नाही, तर ऑफर आपोआप महिनाअखेरपर्यंत वाढली.

झेडएक्सआय ऑटोकडे कल आहे. वायपरसाठी, खरंच. कॅमेरा बाहेरून. कोटेशनमध्ये त्यांचा इन्शुरन्स, 'एसेन्शियल किट' 28 हजार आणि 'हँडलिंग' 6,500 लावलंय, ते काढता येतं का?

इंजिन_ऑइल
इन्शुरन्स कुठूनही घ्या, सक्ती करता येत नाही. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची) तीन वर्षांची लागतेच, ओन डॅमेज (आपल्या गाडीची) एक वर्षाची घ्या, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) जोडा. बाहेरची दोन कोटेशनं समोर ठेवली की तेच खाली येतात. हँडलिंग सरळ खोडा. किटमधले मॅट आणि मडफ्लॅप ठेवा, बाकी उडवा. आणि आरटीओ पासिंगच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा, चेसिस नंबरवरून कुठल्या महिन्याची आहे ते तपासा, टायरवर छापलेला तो बनल्याचा आठवडाही. पासिंग झाल्यावर कोणी ऐकत नाही.

फास्टॅग_भाऊ
पांढरा रंग घेऊ नका, टॅक्सी वाटते.

घाट_उतार
पांढराच घ्या. ताम्हिणीत धुक्यात... नको, धुक्यात पांढरा दिसत नाही. लाल घ्या.

गॅसवर_खूश
जुनी वॅगनआर विकताय का? कुठलं मॉडेल? सीएनजी आहे का?