मदत हवी आहे: सातबाऱ्यावर अभयारण्याचा शेरा, फेरफार अडलाय

रानवाट_७७: चार महिने हेलपाटे घालतोय. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'माळढोक पक्षी अभयारण्य' असा शेरा आहे म्हणून तलाठी फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, धरत नाही. शेरा कसा उठवायचा? जन्मात आमच्या रानात माळढोक पाहिला नाही! लवकर सांगा, सोमवारी परत तहसीलला जायचंय.

काळी_माती: तालुका कुठला? आणि फेरफार कशाचा, खरेदीचा?

बोरीबाभळी: सोलापूरकडचे दिसताय. १९७९ साली ८,४९६ चौ. किमी. अभयारण्य जाहीर केलं, त्यात गावंच्या गावं आली. पुढे ते साधारण १,२२२ चौ. किमी.वर आणलं. तुमचा गट (जमिनीचा नंबर) वगळलेल्यात असेल तर शेरा नुसता राहून गेलाय. वनखात्याकडून गटांची यादी मिळवा.

रानवाट_७७: उत्तर सोलापूर. यादी बघितली नाही.

जोंधळा: काळविटांनी ज्वारी खाल्ली तर लगेच पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. मला मिळाली. फोटो काढून ठेवा.

काळी_माती: भाऊ, काळविटाचं विचारलंय कुणी?

पंख_पिसारा: शेरा उठवायची एवढी घाई कशाला? याच अभयारण्यातल्या नान्नजच्या गवतात लांडगा, खोकड, धाविक पक्षी टिकून आहेत. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. प्लॉट पडले की संपलं.

बोरीबाभळी: प्लॉट पाडतोय कोण? त्याच माळावर वनखात्याने गिरीपुष्पाची झाडं लावली होती, गवताला पडीक समजून. ते चालतं, आणि शेतकरी दिसला की उपदेश.

पंख_पिसारा: गिरीपुष्पाला माझाही विरोधच आहे. उगाच माझ्या नावावर खपवू नका.

काळी_माती: रानवाट, फेरफार कशाचा ते अजून सांगितलं नाहीत.

रानवाट_७७: वडील वारले गेल्या दिवाळीत. माझं, आईचं आणि बहिणीचं नाव लावायचंय. ते लिहिलं नव्हतं होय?

काळी_माती: नव्हतं! मग शेरा उठवायची गरजच नाही. वन्यजीव कायदा १९७२, कलम २०: अधिसूचनेनंतर नवे हक्क मिळवता येत नाहीत, पण वारसाने येणारे हक्क त्यातून वगळलेत. कलमाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाकारलं तर कारणही लेखी मागा.

रानवाट_७७: बहीण हक्कसोड देणार आहे, म्हणजे तिचा हिस्सा सोडणार आहे. तेही यातच बसतं का?

काळी_माती: हे आत्ता सांगताय?! आधी तिघांची वारसनोंद होऊ द्या. हक्कसोडीचं वकिलाला विचारा, तिथे कलम २० आडवं येऊ शकतं.

जोंधळा: पंचनाम्याचा नमुना हवाय का कुणाला?