मदत हवी आहे: जुन्या गाडीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का?
माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या कार्ब्युरेटर गाडीत अजून सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे यांत्रिक संपर्क) आणि कंडेन्सरच आहेत. फीलर गेजने ०.४ मिमी गॅप लावला की गाडी छान चालते, पण थोड्याच दिवसांत पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, ठिणगीचं टायमिंग मागे जातं आणि सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं.

डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आतच बसणारं, पॉइंटऐवजी चुंबकाने इशारा घेणारं मॅग्नेटिक पिकअपचं मॉड्यूल घ्यावं असं मनात आहे. बाहेरून गाडी मूळ रूपातच दिसेल, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. सीडीआयचाही (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर चालणाऱ्या इग्निशनचाही) विचार केला, पण त्याची ठिणगी जोरदार असली तरी क्षणभरच टिकते. रोजच्या संथ चालीला जास्त वेळ टिकणारी ठिणगी बरी, असं माझं मत.

अडलंय ते ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइलपाशी. सध्याची कॉइल १.५ ओहमची, बॅलास्ट रेझिस्टरवर (कॉइलचा प्रवाह कमी ठेवणाऱ्या रोधावर) चालणारी. तीच ठेवून मॉड्यूलला स्विचमधून थेट १२ व्होल्ट द्यावेत, की रेझिस्टर काढून ३ ओहमची कॉइल लावावी? शिवाय डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला किंचित खेळ आहे. आधी बुश बदलून घेऊ का? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.