मदत हवी आहे: लहान मुलांचा इंग्रजीचा पहिला तास कसा घेऊ?

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारपासून ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पहिलीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायला घेतेय. दहा-बारा मुलं, सगळी मराठी माध्यमाची, पाऊण तासाचा वर्ग. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे ए-बी-सी-डी बहुतेकांना तोंडपाठ. पण 'व्हॉट इज युवर नेम' विचारलं की लगेच आईच्या ओढणीमागे!

म्हणून पहिल्या दिवशी वही-पेन्सिल नकोच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली कृतीतून शिकवायची पद्धत वापरणार आहे. मी 'स्टँड अप', 'जम्प', 'टच युवर नोज' म्हणत स्वतः करायचं, मुलांनी बघून करायचं, बोलायची सक्ती नाही. मग पिशवीतून केळं, चमचा, बॉल काढून त्यांची नावं.

अडतंय ते पुढे. उड्या सुरू झाल्या की दहा मिनिटांत हॉलचा मासळी बाजार होणार. परत खाली कसं बसवता तुम्ही? आणि सूचना इंग्रजीतच रेटायच्या का? माझ्या मते हुकूम इंग्रजीत, समजूत मराठीत. बहिणीला (तीही शिक्षिका) हे अजिबात पटत नाही.

शिवाय पालक! 'आज काय लिहून घेतलं?' हा प्रश्न दारातच येणार. त्यांना काय दाखवू?

बालवाडी-पहिलीला शिकवलेल्यांनी जरूर सांगा. प्रोजेक्टर वगैरे काही नाही, एक फळा आहे आणि सतरंज्या.